हिवाळ्यात दिवे मोजा

(जिल्हा मेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण. ध्वनिफितीवरून उतरवून घेतले आहे.)



अध्यक्षांनी ओळख करून देताना सांगितले की ताई परदेशी अभ्यासदौरा करून आल्या. ते तेवढे आधी दुरुस्त करते. दौरा वगैरे काही नव्हता. माझा धाकटा भाऊ ग्लासगोला नोकरी करतो. त्याने तिकीट पाठवले म्हणून गेले. पंधरा दिवस राहिले, त्यातले चार दिवस तो मला स्काय नावाच्या बेटावर घेऊन गेला. म्हणाला, "ताई, तू बाराही महिने माणसांच्या गर्दीत असतेस. चल, जरा शांत जागा दाखवतो."

जागा खरोखरच शांत होती. ती शांत कशी झाली, हे मला तिथे गेल्यावर कळले. तेवढेच आज सांगायचे आहे.

स्काय हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला लागून असलेले बेट. नकाशात पाहिले तर पंजा पसरल्यासारखे दिसते. जमिनीची एकेक बोटे समुद्रात शिरलेली. मुख्य भूमीवरून तिथे जायला १९९५ साली पूल झाला. खाजगी पैशाने बांधलेला पूल आणि त्यावर भारी टोल. बेटावरच्या लोकांनी टोल भरायला नकार दिला. खटले झाले, शिक्षा झाल्या, तरी हटले नाहीत. शेवटी डिसेंबर २००४ मध्ये सरकारला तो टोल रद्द करावा लागला. आम्ही पुलावरून फुकट गेलो. मी भावाला म्हटले, ही माणसे आपल्या ओळखीची दिसतात. (हशा)

पंजाचे वायव्येकडचे बोट म्हणजे ड्यूरिनिश. डनवेगन हे गाव मागे पडले की एकाच गाडीपुरता रस्ता उरतो. समोरून दुसरी गाडी आली तर एकाने बाजूच्या रुंद जागेत थांबायचे, दुसऱ्याने हात वर करून पुढे जायचे. या बोटाच्या टोकाला ग्लेनडेल नावाची दरी आहे. आम्ही तिथे उतरलो.

वाटेत मी भावाला गाडी थांबवायला लावली. समोर दोन डोंगर, माथे सपाट, कड्यांना पायऱ्या पायऱ्या. मला वाटले आपण सह्याद्रीतच आहोत. आणि ते खोटेही नाही. तो खडक आपलाच, काळा बेसाल्ट. आपल्याकडे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला लाव्हा थरावर थर पसरला, तिकडे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला. खडक एक, पण माती अगदी वेगळी. आपल्या उन्हात त्या खडकाची काळी, चुनखडीची, भेगाळणारी माती झाली. तिकडे बारा महिने पाऊस आणि गारठा. गवत मरते, पण पुरते कुजत नाही. त्याचा काळा, आंबट, स्पंजासारखा थर साचतो. त्याला पीट म्हणतात. मी मूठभर घेऊन पिळली तर पाणी गळाले. ते लोक हा थर कापतात, वाळवतात आणि चुलीत घालतात. त्यात ज्वारी-कापूस सोडाच, गहूसुद्धा धड येत नाही. ओट, थोडा सातू, बटाटा आणि गवत, एवढीच ती शेती.

संध्याकाळी तिरप्या उन्हात उतारावर मला वरंबे दिसले. गवताखाली दडलेले, एकाला एक लागून, पार चढापर्यंत गेलेले. कोणे एके काळी हाताने माती ओढून, पाठीवरच्या टोपल्यांतून समुद्रातले शेवाळ आणून घालून, बायाबापड्यांनी त्या वरंब्यांवर बटाटे काढले. आज त्यांवर मेंढ्या चरतात. मी कृषी पदवीधर आहे. ओसाड पडलेले रान आणि सोडून दिलेले रान यांतला फरक मला कळतो. हे सोडून दिलेले रान होते. इतकी मेहनत केलेली जमीन माणूस का सोडतो?

तुकडा मुद्दाम लहान का ठेवला?

तिकडच्या लहान शेतकऱ्याच्या जमिनीला क्रॉफ्ट म्हणतात. घराभोवती काही एकरांचा तुकडा आणि डोंगरावर गावाच्या सामायिक गायरानात हिस्सा. परदेशी माणसाला वाटते, पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन जमीन लहान झाली असेल. तसे नाही. ती जमीनदारांनी लहान आखली.

अठराव्या शतकाच्या अखेरीस काच आणि साबण करायला जो खार लागे, तो समुद्राचे शेवाळ जाळून मिळवत. नेपोलियनच्या लढायांमुळे स्पेनचा खार येईनासा झाला आणि या बेटांवरच्या खाराला सोन्याचा भाव आला. शेवाळ कापून जाळायला मजूर हवेत. शेतकऱ्याला पोटापुरती जमीन दिली तर तो गुडघाभर थंड पाण्यात उभा कशाला राहील? म्हणून जुनी सामाईक शेती मोडली आणि पोट भरणार नाही, पण खंड मात्र भरावा लागेल, एवढेच तुकडे पाडले. माणसे अमेरिकेला जाऊ लागली तर १८०३ मध्ये कायदा करून जहाजाचा प्रवास महाग करण्यात आला. नाव प्रवाशांच्या सुरक्षिततेचे होते. तो कायदा व्हावा म्हणून जमीनदारांनी जोर लावला होता.

पुढे १८१५ साली लढाई संपली. स्पेनचा खार पुन्हा आला, मिठावरचा कर उठला आणि शेवाळाचा भाव कोसळला. ज्या माणसांना कालपर्यंत जाऊ देत नव्हते, ती आता जास्त झाली. त्यांना हुसकावून मोठमोठे मेंढपाळ मक्तेदार बसवले. १८४६ साली बटाट्यावर करपा पडला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. १८४१ च्या शिरगणतीत स्कायवर सुमारे २३,००० माणसे होती. तिथून जी ओहोटी लागली ती सव्वाशे वर्षे थांबली नाही.

लक्षात घ्या, पहिला अन्याय हुसकावण्याचा नव्हता. त्याआधीचा अन्याय होता तो पोट न भरणाऱ्या तुकड्याचा. हुसकावणे सगळ्यांना दिसते. तुकडा कोणाला दिसत नाही.

वाहून आलेले लाकूड

आता ग्लेनडेलची गोष्ट. या दरीचा जमीनदार होता सर जॉन मॅक्फर्सन मॅक्लाउड. हा गृहस्थ मद्रास इलाख्यात मुलकी अधिकारी होता. मेकॉलेच्या ज्या आयोगाने आपल्या दंडसंहितेचा मसुदा केला, त्या आयोगाचा तो सभासद. म्हणजे आपल्या आंदोलनात आपल्यावर जी कलमे लागत आली, ती लिहिणाऱ्यांपैकी एकाची ही जमीन! तो १८८१ साली वारला आणि कारभार विश्वस्त व कारभारी यांच्या हाती गेला.

१८८२ च्या सुरुवातीला ग्लेनडेलच्या पोस्टात एक नोटीस लागली. समुद्रातून किनाऱ्याला वाहून आलेले लाकूड कोणी उचलेल तर त्याचे नाव कळवले जाईल. त्या दरीत झाड नाही. लाकूड येते ते समुद्रातूनच. छपराचा वासा, होडीची फळी, सगळे त्यातून. तेही घ्यायचे नाही. त्याच वर्षी शेजारचे वॉटरस्टीनचे कुरण मोकळे झाले. मिलोवेगच्या कुळांनी ते मागितले; चाऱ्यावाचून त्यांची गुरे मरत होती. मिळाले कोणाला? खुद्द कारभाऱ्याला.

कुळांनी गुरे वॉटरस्टीनमध्ये घातली. कोर्टाचा मनाईहुकूम आला, तो मानला नाही. खंड देणे थांबवले. ही युक्ती कुठून आली? स्कायचे लोक मासेमारीला आयर्लंडच्या किनाऱ्यावर जात, तिथे त्यांनी लँड लीगची चळवळ पाहिली होती. त्याच १८८२ च्या एप्रिलमध्ये बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर ब्रेज गावी बेदखलीच्या नोटिसा लोकांनी जाळायला लावल्या. धरपकडीला ग्लासगोहून सुमारे ५० पोलीस आले. त्यांच्यावर दगडांचा मारा करण्यात बाया पुढे होत्या. माझ्या बहिणींनो, हे विसरू नका.

जानेवारी १८८३ मध्ये ग्लेनडेलकरांनी पोलिसांना दरीतून पिटाळले. सरकारने युद्धनौका पाठवली. मूठभर गुराख्यांवर युद्धनौका! जॉन मॅक्फर्सन हा त्यांचा पुढारी. तो आणि त्याचे साथीदार आपल्या पायांनी एडिंबराला जाऊन कोर्टापुढे उभे राहिले. दोन महिन्यांची कैद झाली. साऱ्या ब्रिटनमध्ये त्यांचे नाव झाले.

सरकारने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष लॉर्ड नेपियर. हेही आपल्याकडचे जुने गिऱ्हाईक. १८६६ ते १८७२ मद्रासचे गव्हर्नर आणि लॉर्ड मेयोच्या खुनानंतर काही आठवडे हिंदुस्थानचे हंगामी व्हाइसरॉय. ८ मे १८८३ रोजी आयोगाची पहिली बैठक ब्रेजला झाली. पहिलाच साक्षीदार म्हणाला, आधी हमी द्या की खरे सांगितल्याबद्दल माझी जमीन जाणार नाही. हमी मिळाल्यावरच तो बोलला. आठवडा-दीड आठवड्याने आयोग ग्लेनडेलला आला, तेव्हा तुरुंगातून नुकताच सुटलेला मॅक्फर्सन साक्ष द्यायला हजर होता.

कायदा झाला, जमीन वाढली नाही

१८८६ साली कायदा झाला. खंड जमीनदार ठरवणार नाही, स्वतंत्र आयोग ठरवणार. खंड भरतो तोवर कुळाला काढता येणार नाही. जमीन वारसाकडे जाणार. सुधारणा केल्या असतील तर सोडताना भरपाई मिळणार. आयोगाने खंड उतरवले, तुंबलेल्या बाकीतली मोठी रक्कम माफ केली. हा लहान विजय नाही. आजही त्या बेटावर वस्ती दिसते ती या कायद्यामुळे. मुख्य भूमीवरच्या कित्येक दऱ्या पार रिकाम्या झाल्या, तशी गत इथे झाली नाही.

पण मुख्य मागणी काय होती? वॉटरस्टीन. चराई. अधिक जमीन. ती मागणी १८८६ च्या कायद्याने पुरी केली नाही. पोट न भरणारा तुकडा होता तेवढाच राहिला. फक्त त्याच्याभोवती कायद्याचे कुंपण घातले गेले. तिकडे एक थट्टा ऐकली, चारी बाजूंनी नियमांनी वेढलेला जमिनीचा लहानसा तुकडा म्हणजे क्रॉफ्ट. हसू आले, पण आपल्या सातबाऱ्याची आठवण झाली.

यापुढचा भाग आपल्यातल्या काहींना रुचणार नाही, पण सांगते.

१९०४ साली सरकारी मंडळाने ग्लेनडेलची जहागीर विकत घेतली. ग्लेनडेलकरांनी सुमारे ५० वर्षांच्या हप्त्यांनी तिची मालकी घ्यायचे ठरवले, आणि हप्ते फेडून ते मालक झाले. त्याच मंडळाने त्याच वर्षी बेटाच्या उत्तरेची किलम्यूर जहागीर घेतली. तिथले लोक म्हणाले, आम्हाला मालकी नको. कायद्याने कूळ म्हणून जे संरक्षण आहे तेच बरे. म्हणजे एकाच बेटावर दोन प्रयोग झाले. एकीकडे पूर्ण मालकी, दुसरीकडे संरक्षित कूळ. शेतीशास्त्रात आम्ही दोन वाफ्यांत दोन प्रकारची खते घालून पाहतो, तसे.

निकाल काय लागला? दोन्हीकडून तरुण गेले. साऱ्या बेटाची वस्ती १९७१ साली सात हजारांच्या घरात आली होती. पुढे वाढली, २०११ साली सुमारे १०,००० झाली. पण त्या वाढीत बाहेरून येऊन राहिलेली माणसे पुष्कळ आहेत.

जमिनीच्या खरेदी-विक्रीवरची बंधने उठावीत, या आपल्या ठरावाला मी हात वर केला होता. आजही करीन. पण ग्लेनडेलचे मालक स्वतंत्र झाले तेव्हा त्यांचे घर विकले गेले ते शहरातल्या पगाराच्या भावाने. गावातल्या पोराला तो भाव परवडत नाही. यात दोष मालकीचा नाही, तसा किलम्यूरमध्ये कुळकायद्याचाही नाही. मालकी असो की संरक्षण, त्या तुकड्यातून संसार चालत नसेल तर दोन्ही कागदच. पोलिसांना जे जमले नाही ते तोट्याने केले. आणि तोट्यावर दगड मारता येत नाही.

हिवाळ्यात दिवे मोजा

आम्ही ज्या घरी उतरलो ती सत्तरीतली बाई. घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. बाहेर तिच्या मेंढ्या. मी तिला सरळ शेतकऱ्याचा प्रश्न विचारला, परवडते का? ती मला गोठ्यात घेऊन गेली. लोकरीची पोती पडलेली होती. म्हणाली, कातरणाऱ्याला जी मजुरी देते तेवढेही लोकरीचे येत नाहीत. कातरली नाही तर जनावराला त्रास, म्हणून कातरायची. कोकरे विकून थोडे मिळते. सरकारी अनुदान बंद झाले तर मेंढ्या दुसऱ्या दिवशी बाजारात. तिचा नवरा होता तोवर टपालाची गाडी चालवायचा, मासे पकडायचा, लोकांची घरे दुरुस्त करायचा. "क्रॉफ्ट हा आमचा धंदा कधीच नव्हता," ती म्हणाली, "तो आमचा पत्ता आहे."

तिची तीन मुले. दोन ग्लासगोत, एक कॅनडात.

दुसऱ्या दिवशी आम्ही वॉटरस्टीनला गेलो. ज्या कुरणासाठी माणसे तुरुंगात गेली ते कुरण. त्याच्या पुढच्या कड्यावर नीस्टचा दीपगृह आहे, १९०९ सालचा. १९९० पासून तोही आपोआप चालतो, राखणदार लागत नाही. रस्त्याच्या टोकाला पर्यटकांच्या गाड्या लागलेल्या. सगळे जण दीपगृहाचे फोटो घेत होते. मी त्या गवताकडे पाहत होते. ड्यूरिनिशला रस्त्याकडेला लढ्याचे एक दगडी स्मारक आहे, तिथे मात्र आम्ही दोघेच होतो.

संध्याकाळी बाईच्या अंगणात बसलो होतो. जूनचा महिना, रात्रीचे दहा वाजले तरी उजेड. समुद्र स्थिर. कुठे आवाज नाही. भाऊ तिला म्हणाला, किती शांत आहे तुमची दरी! तिने जरा वेळ काढला, मग म्हणाली, "जूनमध्ये येऊन सगळे असेच म्हणतात. तुम्ही जानेवारीत या. चार वाजता अंधार पडतो. तेव्हा इथे उभे राहा आणि दिवे मोजा. उन्हाळ्यात घरे मोजू नका, हिवाळ्यात दिवे मोजा."

परतीच्या वाटेवर भाऊ बराच वेळ बोलला नाही. पुलाच्या अलीकडे म्हणाला, "ताई, आपल्या आळीत आता किती दिवे असतात गं?"

आम्ही दोघांनी बोटांवर मोजले. लहानपणी आळीत अकरा घरे, अकराही नांदती. आता चारांत दिवा लागतो. सात घरांना कुलूप, त्यातले एक आमचे. आमची सात एकर कोरडवाहू. लागोपाठ दोन वर्षे बुडाल्यावर वडिलांनीच भावाला सांगितले, तू जा. कोणी आम्हाला बेदखल केले नव्हते. सातबारा आमच्याच नावावर होता, आजही आहे. कोणती नोटीस आली नाही, पोलीस आला नाही, युद्धनौका आली नाही. भाऊ एका पहाटे बॅग घेऊन एस. टी.त बसला आणि आई दारात उभी राहिली, एवढेच.

भावांनो, शांतता दोन तऱ्हेची असते. दिवसभराचे काम उरकून गाव निजते ती एक, आणि गावात निजायला माणूस उरत नाही ती दुसरी. पाहुण्याला दोन्ही सारख्याच वाटतात. माझा भाऊ ग्लासगोहून गावी येतो तेव्हा त्याची मुले म्हणतात, बाबा, तुमचे गाव किती शांत आहे.

ग्लेनडेलच्या माणसांची मी थट्टा करणार नाही. त्यांनी जे मिळवले ते लढून मिळवले, आणि त्यांचा लढा खरा होता. त्यांच्याकडून शिकायचे ते एवढेच की कागद मिळाला त्या दिवशी लढा संपत नाही. जमीन कोणाच्या नावावर आहे, हा पहिला प्रश्न. त्या जमिनीवर राहून कुटुंबाचा खर्च निघतो का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की सरकार म्हणते, आता काय राहिले? आपणही दमलेले असतो, घरी जातो. आणि दुसरा प्रश्न एकेक दिवा विझवत जातो.

म्हणून टाळ्यांऐवजी एक काम मागते. पुढचा जिल्हा मेळावा मार्गशीर्षात आहे. तोवर प्रत्येक गावच्या शाखेने एक वही करावी. एका रात्री, सण नसलेल्या, साध्या रात्री, गावातून फिरा. किती घरांत दिवा आहे आणि किती घरांना कुलूप आहे ते लिहा. प्रत्येक कुलपापुढे लिहा, कोण गेले, कोणत्या साली, जमीन किती होती आणि जाण्याआधीच्या वर्षी पिकाचे काय झाले होते. मत लिहू नका, घडले ते लिहा. नेपियरच्या आयोगाने जी साक्ष घेतली, ती आपली आपणच घेऊ. ती वही घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांपुढे बसू.

माझ्या आळीचे पान मी लिहून आणले आहे. पहिले कुलूप आमच्या घराचे आहे. ते कार्यालयात जमा करते आणि थांबते.